कोलोरॅडो अमेंडमेंट ६९: सगळ्यांना आरोग्यसेवा आणि १० टक्के कर, मत काय द्यावं?

ऑरोराकर | १६ ऑक्टोबर २०१६

मंडळी, बॅलट आता घरी येईलच. इथे कोलोरॅडोत सगळ्यांना पोस्टानेच येतं आणि त्याच्या आधी ते निळं पुस्तक, ब्लू बुक, ज्यात प्रत्येक प्रश्नाच्या बाजूने आणि विरोधात काय म्हणणं आहे ते छापलेलं असतं. मी सिटिझन होऊन फार दिवस झाले नाहीत, प्रेसिडेंटसाठी पहिल्यांदाच मत देणार. ते कुणाला द्यायचं हे ठरलेलंय, त्यावर इथे चर्चा नको प्लीज. अडलंय ते अमेंडमेंट ६९ वर, म्हंजे राज्याच्या घटनेत सुचवलेल्या दुरुस्तीवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोलोरॅडोकेअर नावाची एक संस्था होणार, राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा दवाखान्याचा खर्च ती देणार, डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम) नाही, प्रीमियम नाही. पैसे कुठून, तर पगारावर १० टक्के, त्यातले ३.३३ टक्के आपण आणि ६.६७ टक्के कंपनी. जो स्वतःचा धंदा करतो त्याने पूर्ण १० टक्के स्वतः भरायचे. व्याज, भाडं, डिव्हिडंड अशा बाकीच्या उत्पन्नावरपण १० टक्के. एकट्या माणसाला साडेतीन लाख आणि जोडप्याला साडेचार लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर, त्याच्या वर नाही.

आमच्या घरचा हिशेब असा. मला पगार ७२ हजार, म्हंजे माझे साधारण २४०० जातील. नवरा १०९९ वर, म्हंजे नोकर नाही तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करतो, खर्च वजा जाता ६० हजार, त्याचे ६०००. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय त्याचे डॉलरमध्ये साडेचार हजार धरा, त्यावर ४५०. एकूण ८८५०. सध्या माझ्या पगारातून फॅमिलीच्या इन्शुरन्सचे महिन्याला ५६० कापतात म्हंजे वर्षाचे ६७२०, आणि डिडक्टिबल ४००० चा. गेल्या वर्षी मुलाचा हात मोडला तेव्हा तो डिडक्टिबल पूर्ण भरलाय आम्ही, त्यामुळे मला हे परवडतंय असं वाटतं. नवरा म्हणतो दरवर्षी हात मोडणारे का आणि सरकारच्या हातात १० टक्के एकदा दिले की ते १२ होणार. दोघांचं रोज जेवताना हेच चालू आहे. कुणी नीट वाचलं असेल तर सांगा.

बिलिंगवाली | १६ ऑक्टोबर २०१६

मी डेन्व्हरला एका मोठ्या क्लिनिकच्या बिलिंगमध्ये आहे, त्यामुळे माझं मत ऐकायच्या आधीच सांगते की मी हो म्हणणार आहे. आमच्याकडे डॉक्टर जितके आहेत ना, जवळपास तितकीच माणसं क्लेम पाठवायला, परत आलेला क्लेम पुन्हा पाठवायला, प्रायर ऑथसाठी (उपचाराआधी इन्शुरन्स कंपनीची परवानगी) फोनवर ताटकळायला बसलेली असतात. एकाच तपासणीला पाच कंपन्यांचे पाच नियम, आणि एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्ये परत वेगळं. पेशंट विचारतो की ताई हे किती पडेल, आणि मला खरंच सांगता येत नाही, कारण ते त्याच्या प्लॅनवर, नेटवर्कवर, वर्षात आतापर्यंत त्याचा किती डिडक्टिबल भरून झालाय त्यावर असतं. हे सगळं काम करणाऱ्या माणसांचा पगार तुमच्याच प्रीमियममधून जातो.

ओबामाकेअर आल्यापासून इथे फरक पडलाय हे खरंय. राज्यात इन्शुरन्स नसलेले २०१३ ला १४.३ टक्के होते ते २०१५ ला ६.७ वर आले. पण कार्ड खिशात असणं आणि डॉक्टरकडे जाणं परवडणं यात बरंच अंतर आहे. डिडक्टिबल सहा हजार असलेला माणूस छातीत दुखलं तरी दोन दिवस घरी काढतो, असे पेशंट आम्ही रोज बघतो. डोंगराकडच्या काउंट्यांमध्ये तर स्वतःचा प्लॅन विकत घेणाऱ्यांचे हाल विचारूच नका, त्यात गेल्या वर्षी ती कोलोरॅडो हेल्थऑप नावाची को-ऑप बंद पडली आणि ऐंशी हजारांवर लोकांना नवीन प्लॅन शोधावा लागला.

आणि हे आणणारी कोण, तर आयरीन अ‍ॅग्विलार, राज्याची सिनेटर आणि स्वतः डॉक्टर. तिला दवाखाना म्हंजे काय ते माहितीये.

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर २०१६

ऑरोराकर, तुमची बेरीज बरोबर आहे पण तुलना चुकतेय. मी टॅक्सचं काम करतो म्हणून सांगतो.

तुमचे ६७२० पगारातून कापले जातात ते टॅक्सच्या आधी. त्यावर फेडरल नाही, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के नाहीत, राज्याचे ४.६३ नाहीत. तेवढे पैसे तुमच्या हातात पगार म्हणून आले असते तर टॅक्स जाऊन साडेचार हजारांच्या आसपास उरले असते, म्हंजे इन्शुरन्स तुम्हाला खरा पडतो तेवढ्याला. नवीन कर मात्र टॅक्स भरल्यानंतरच्या पैशातून, आणि तो वजावट म्हणून दाखवायचा तर आयटमाइझ, म्हंजे एकेक खर्च वेगळा दाखवावा लागतो. तुमचं घराचं कर्ज असेल तर करत असाल, नाहीतर नाही. तेव्हा साडेचार विरुद्ध जवळपास नऊ अशी तुलना आहे. निरोगी वर्षात तुम्ही हराल, आजारपणाच्या वर्षात बरोबरीत किंवा थोडं पुढे.

दुसरं, पूर्ण तिजोरीचं गणित. पहिल्या पूर्ण वर्षात नवीन कर २५ अब्ज डॉलर, फेडरलकडून येणारे मेडिकेडचे (गरिबांच्या सरकारी इन्शुरन्सचे) वगैरे धरून एकूण पसारा ३८ अब्जांचा. राज्य सरकारचं अख्खं बजेट यापेक्षा लहान आहे. कोलोरॅडो हेल्थ इन्स्टिट्यूट म्हणून संस्था आहे, ती कुठल्या बाजूची नाही, तिने हिशेब मांडलाय की पहिल्या वर्षी जेमतेम जमेल आणि मग तूट वाढत वाढत २०२८ ला ७.८ अब्जांवर जाईल. कारण सरळ आहे, दवाखान्याचा खर्च पगारापेक्षा जोरात वाढतो आणि कर पगारावर बसवलाय. मग एकतर कर वाढवा किंवा सेवा कमी करा. तुमचे मिस्टर १२ म्हणतात ते हवेतलं नाही.

बिलिंगवाली | १७ ऑक्टोबर २०१६

@हिशेबनीस, त्यांच्या साडेचारशी तुलना केलीत पण कंपनी काय भरते ते कुठे गेलं? कैसर फाउंडेशनचा या वर्षीचा आकडा बघा, कंपनीमार्फतच्या फॅमिली प्लॅनचा सरासरी प्रीमियम १८,१४२ डॉलर, त्यातले नोकर भरतो ५,२७७. बाकीचे १२,८६५ कंपनी भरते. ते काय कंपनीच्या मालकाच्या खिशातून येतात? ते तुमच्याच पगारातले आहेत, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. अमेंडमेंट ६९ मध्ये ऑरोराकर यांच्या कंपनीला ७२ हजारांवर ६.६७ टक्के म्हंजे ४,८०० भरावे लागतील. सरासरी धरली तर कंपनीचे एका माणसामागे आठ हजार वाचतात.

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर २०१६

वाचतात की. आणि ते ऑरोराकर यांना पगारवाढ म्हणून मिळणार का? अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळतात, हळूहळू. तुमच्या एचआरला ईमेल टाकून विचारा लेखी देताय का म्हणून, मग मी पण हो म्हणतो.

ऑरोराकर | १७ ऑक्टोबर २०१६

😄 एचआरला विचारायची हिंमत नाही. पण हा मुद्दा आमच्या जेवणाच्या टेबलावर आलाच नव्हता, कंपनी माझ्यासाठी नक्की किती भरते ते मला माहीतच नव्हतं. डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) काढून बघितला, १२ नंबरच्या चौकटीत डीडी कोडपुढे असतो आकडा, आमचा आणि त्यांचा मिळून. एवढा असेल असं वाटलं नव्हतं.

थाळीवाला | १८ ऑक्टोबर २०१६

आमची बाजू कोण मांडणार? कोलोरॅडो स्प्रिंग्जला माझं लहान रेस्टॉरंट आहे, पन्नासच्या आत माणसं त्यामुळे इन्शुरन्स द्यायची सक्ती नाही आणि परवडत नाही म्हणून देत पण नाही, खोटं कशाला बोलू. माझे बरेचसे लोक मेडिकेडवर आहेत किंवा एक्स्चेंजवरून (ओबामाकेअरचा इन्शुरन्स बाजार) सबसिडीवाला प्लॅन घेतात. हे पास झालं तर पगाराच्या बिलावर सरळ ६.६७ टक्के नवीन. त्याच बॅलटवर अमेंडमेंट ७० पण आहे, मिनिमम वेज ८.३१ वरून २०२० पर्यंत १२ डॉलर. दोन्ही पास झाले तर थाळी कितीला विकू? आणि मी मालक म्हणून माझ्या स्वतःच्या उत्पन्नावर १० टक्के ते वेगळेच.

पण एक सांगतो, मला स्वतःला डायबेटिस आहे आणि माझा प्लॅन मला जे पडतो ते १० टक्क्यांपेक्षा जास्तच आहे. म्हणून मालक म्हणून नाही आणि पेशंट म्हणून हो, असं आहे माझं.

स्पष्टवक्ती | १८ ऑक्टोबर २०१६

सगळे कराचंच बोलताय, मला त्यापेक्षा मोठी अडचण दिसते. कोलोरॅडोच्या घटनेत १९८४ पासून एक कलम आहे की गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरायचा नाही. आज ज्या बायकांच्या खाजगी इन्शुरन्समध्ये ते कव्हर होतं त्या उद्या कोलोरॅडोकेअरवर आल्या की ते जाणार. म्हणून नाराल प्रो-चॉइस कोलोरॅडो ही गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारी संघटना विरोधात आहे, आणि ते काही इन्शुरन्स कंपन्यांचे मित्र नाहीत. प्रोग्रेसनाऊ ही डावी संघटना पण विरोधात. लिहिणाऱ्यांनी एवढी पानं लिहिली, टेबरमधून (करवाढीवर बंधन घालणारं घटनेतलं कलम) सूट घेतली, मग त्या ८४ च्या कलमाचं एक वाक्य का नाही घातलं? समर्थक म्हणतात कोलोरॅडोकेअर सरकारी खातं नाही, स्वतंत्र संस्था आहे, ते कलम लागू होणार नाही, कोर्ट बघून घेईल. कोर्ट बघेपर्यंत ज्या बाईला गरज आहे तिने काय करायचं?

मी बर्नीवाली (बर्नी सँडर्सची समर्थक) आहे, बर्नीचा याला पाठिंबा आहे, सगळ्यांना आरोग्यसेवा मिळाली पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे. तरी मी नाही देणार.

बोल्डरबुवा | १८ ऑक्टोबर २०१६

हेच होतं दरवेळी. उजवे विरोधात, ते अपेक्षितच. पण गव्हर्नर हिकेनलूपर विरोधात, सिनेटर बेनेट विरोधात, दोघेही डेमोक्रॅट. अँथम या इन्शुरन्स कंपनीने विरोधी प्रचाराला दहा लाख डॉलर दिलेत. आणि आपल्यातले लोक म्हणणार कल्पना छान आहे पण अमुक वाक्य राहिलं, तमुक कॉमा राहिला. १०० टक्के निर्दोष कायदा तुम्हाला या जन्मात मिळणार नाही. कॅनडात पण एका राज्याने, सस्कॅचवनने, १९६२ ला सुरू केलं, डॉक्टर तीन आठवड्यांवर संपावर गेले, तरी सरकार हटलं नाही आणि मग बाकी देशाने उचललं. कुणीतरी एका राज्याने पहिलं व्हायला लागतं.

स्पष्टवक्ती | १८ ऑक्टोबर २०१६

कॉमा??? बुवा, तुम्हाला त्याची गरज पडणार नाही म्हणून तुम्हाला कॉमा वाटतो.

बर्लिंग्टनचा_बंड्या | १९ ऑक्टोबर २०१६

व्हरमाँटहून रामराम. बोल्डरबुवा, पहिलं व्हायचा प्रयत्न आम्ही केला की. २०११ ला कायदा पास झाला, ग्रीन माउंटन केअर, गव्हर्नर पीटर शमलिन त्याच्यावरच निवडून आलेला, विधानसभा त्याची, छोटं राज्य, लोक डावे, सगळं जुळून आलेलं. फक्त पैसे कुठून आणायचे हे कायद्यात नव्हतं, ते नंतर ठरवू म्हणाले. २०१४ च्या डिसेंबरात गव्हर्नरने स्वतःच हात वर केले, कारण हिशेब निघाला की कंपन्यांना पगारावर ११.५ टक्के आणि लोकांना उत्पन्नानुसार ९.५ टक्क्यांपर्यंत लावावा लागेल. त्याच्या महिनाभर आधी तो निवडणूक कशीबशी जिंकलेला.

तुमच्यावाल्यांनी आमच्याकडून धडा घेऊन कराचा आकडा आधीच लिहिलाय, ते प्रामाणिकपणाचं आहे, मी मान देतो. पण बॅलटवर तो प्रश्न कसा छापलाय तो कुणीतरी इथे लिहा ना, मला बघायचंय.

ऑरोराकर | १९ ऑक्टोबर २०१६

माझ्यासमोरच आहे. मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी आहे: राज्याचे कर पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात २५ अब्ज डॉलरने वाढवावेत का, आणि त्यानंतर जेवढे वाढतील तेवढ्याने, कोलोरॅडोच्या घटनेत दुरुस्ती करून, आणि मग पुढे कुठेतरी आरोग्यसेवा येते. पुढचं एकच वाक्य इतकं लांब आहे की मी दोनदा वाचूनही शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरले.

हिशेबनीस | १९ ऑक्टोबर २०१६

ते तसंच लिहावं लागतं. १९९२ चं टेबर, टॅक्सपेयर्स बिल ऑफ राइट्स, ते सांगतं की कर वाढवायचा प्रश्न असेल तर वाक्याची सुरुवात "राज्याचे कर इतक्याने वाढवावेत का" अशीच करायची, आकड्यासकट. वाचणारे प्रीमियम किती वाचणार हे लिहायची सोय त्यात नाही.

बर्लिंग्टनचा_बंड्या | १९ ऑक्टोबर २०१६

मग संपलंच. प्रीमियम कुणी छापून विचारतो का, की तुमच्या मालकाने दरवर्षी तुमच्यामागे १२ हजार इन्शुरन्स कंपनीला द्यावेत का म्हणून? तसं विचारलं तर त्यालाही लोक नाहीच म्हणतील. एक पैसा न विचारता जातो आणि दुसरा विचारून, तर ज्याबद्दल विचारलं त्याला नाही. माझा अंदाज, ७० टक्के नाही.

सिन्नरकर | २० ऑक्टोबर २०१६

नाशिककडून वाचतोय, अमेरिकेशी संबंध नाही पण विषय ओळखीचा वाटला म्हणून. पगारावर टक्के कापून दवाखाना ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे, ईएसआय. नोकराचे १.७५ टक्के, मालकाचे ४.७५, पण फक्त १५ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना. आमच्या एमआयडीसीत विचारा, पैसे कापले जातात त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, तक्रार असते ती तिथे गेल्यावर औषध मिळत नाही, रांग लांब आहे, स्पेशालिस्ट नाही याची. आणि पगार मर्यादेच्या वर गेला की माणूस बाहेर. म्हणून ज्यांचा आवाज चालतो ते साहेब लोक त्या रांगेत कधी उभेच नसतात, मग सुधारणार कोण? तुमच्याकडे डॉक्टर आणि वेटर दोघं एकाच योजनेत येणार हे मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटलं.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आहे, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, ठरावीक ऑपरेशनं आणि उपचार. पण ते दवाखान्यात अ‍ॅडमिट झाल्यावर. ताप, शुगर, बीपीच्या गोळ्या, हे रोजचं आपलं आपणच.

एक शंका, असा प्रश्न थेट लोकांना विचारतात हे भारी आहे, पण सामान्य माणसाने एवढं वाचून ठरवायचं कसं?

बिलिंगवाली | २० ऑक्टोबर २०१६

सिन्नरकर, अगदी बरोबर बोललात, सगळे एकाच रांगेत हवेत. आणि सामान्य माणूस कसं ठरवतो, तर टीव्हीवरच्या जाहिराती बघून 😑

एचवनबी_त्रिशंकू | २० ऑक्टोबर २०१६

आम्हाला कुणी विचारत नाही, मत नाही पण कर मात्र जाणार. बाकी एक गोष्ट वाचून गंमत वाटली, पुढे २१ जणांचं ट्रस्टी बोर्ड निवडायचं त्यात मत द्यायला सिटिझन असणं गरजेचं नाही म्हणे, १८ वर्षांवरचा आणि एक वर्ष इथे राहिलेला असला की झालं. म्हंजे प्रेसिडेंट निवडता येणार नाही पण २५ अब्ज खर्च करणारं बोर्ड निवडता येईल. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येतात तेव्हा त्यांना यात काही मिळणार का?

हिशेबनीस | २० ऑक्टोबर २०१६

नाही, मुख्य घर कोलोरॅडोत असायला हवं. व्हिजिटरसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्सच घ्यावा लागणार. ग्रीनकार्डवरचे ६५ च्या पुढचे असतील तर पाच वर्षं सलग राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, ते आजही आहे.

आणि बोर्डाचा विषय काढलात म्हणून, माझा खरा आक्षेप तिथे आहे, कर नंतर. हे सगळं घटनेत जातंय. चूक निघाली, आणि एवढ्या मोठ्या कामात निघणारच, तर विधानसभा दुरुस्त करू शकत नाही, परत सगळ्या राज्याचं मतदान. स्पष्टवक्ती ताईंचा ८४ चा मुद्दा घ्या, साधा कायदा असता तर पुढच्या अधिवेशनात बदलायची खटपट करता आली असती.

बोल्डरबुवा | २० ऑक्टोबर २०१६

साधा कायदा असता तर पुढच्या अधिवेशनात विधानसभेने तो रद्द पण केला असता, लॉबीवाले काय झोपलेत का? आणि टेबर घटनेत आहे, त्याच्यातून सूट हवी तर घटनेतच लिहावं लागतं. तुम्ही म्हणता तो मार्ग आहेच कुठे.

हिशेबनीस | २० ऑक्टोबर २०१६

हे मात्र मान्य. टेबरने दोघांचीही पंचाईत करून ठेवलीये.

ऑरोराकर | ९ नोव्हेंबर २०१६

निकाल: ७९ टक्के नाही, २१ टक्के हो. बंड्या, तुमच्या अंदाजाच्या पण पुढे गेलं. काल रात्रीच्या बाकीच्या बातमीने इतकं डोकं बधिर झालंय की यावर धड वाईट पण वाटत नाहीये.

गंमत म्हणजे त्याच मतदारांनी त्याच कागदावर मिनिमम वेज वाढवलं, मरणासन्न पेशंटला डॉक्टरच्या मदतीने मरायचा हक्क दिला, आणि राज्यात जिंकली हिलरी. म्हंजे लोक उजवे झाले म्हणून पडलं असं नाही म्हणता येत. विचारलं होतं म्हणून सांगते, मी हो दिलं, नवऱ्याने नाही. आमच्या घरात ५० टक्के झालं तेच राज्यापेक्षा जास्त.

बर्लिंग्टनचा_बंड्या | ९ नोव्हेंबर २०१६

ओरेगनला २००२ ला असाच प्रश्न होता, मेझर २३, तिथेही ७८ टक्क्यांच्या वर नाही. कॅलिफोर्नियाला १९९४ ला प्रॉप १८६, ७३ टक्के नाही. वर्षं वेगळी, राज्यं वेगळी, पडायचा आकडा तोच.

बोल्डरबुवा | ९ नोव्हेंबर २०१६

आणि अमेंडमेंट ७१ पास झालं ते बघितलं का? यापुढे घटनेत काही नवीन घालायचं तर ५५ टक्के मतं लागणार आणि राज्याच्या ३५ च्या ३५ सिनेट मतदारसंघांतून सह्या गोळा कराव्या लागणार. दार बंद करून कुलूप पण लावलं.

थाळीवाला | १० नोव्हेंबर २०१६

शेवटी मी 'नाही'ला मत दिलं. आज एक्स्चेंजवर पुढच्या वर्षीच्या प्लॅनचे भाव बघितले आणि आता वाटतंय की 'हो'ला द्यायला हवं होतं.

सिन्नरकर | ८ डिसेंबर २०२४

धागा वर काढतोय, जुनं काहीतरी शोधताना सापडला. मंडळी आहात का अजून? आमच्याकडची खबर देतो. जीवनदायीचं नाव २०१७ ला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्याच कुटुंबांना, पाच लाखांपर्यंत. कागदावर म्हंजे तुमच्या अमेंडमेंट ६९ सारखं सगळ्यांना झालं, पण अजूनही अ‍ॅडमिट झाल्यावरच, आणि दवाखाना योजनेत असला पाहिजे. वेगळा कर काही नाही, तिजोरीतून. त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही आणि कुणी विरोध पण केला नाही.

राजस्थानात मात्र २०२३ च्या मार्चमध्ये राइट टू हेल्थचा कायदा झाला, देशात पहिलाच, इमर्जन्सीत पैसे आधी न मागता उपचार द्या म्हणून, तर खाजगी डॉक्टर रस्त्यावर. बोल्डरबुवांच्या सस्कॅचवनची आठवण झाली. शेवटी सरकारने बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांना वगळून तडजोड केली.

स्पष्टवक्ती | ८ डिसेंबर २०२४

आहे मी! आणि बातमी घेऊनच आहे. ते १९८४ चं कलम गेल्या महिन्यात गेलं. अमेंडमेंट ७९, ५५ टक्के लागत होते, जवळपास ६२ मिळाले. बुवा, तुमचं कुलूप उघडलं लोकांनी. आज अमेंडमेंट ६९ परत आलं तर मी हो देईन, माझं एकमेव कारण संपलं.

हिशेबनीस | ९ डिसेंबर २०२४

माझं कारण मात्र वाढलं. कोलोरॅडोकेअर २०१९ च्या सुमाराला सुरू होणार होतं. २०१७ च्या ट्रम्पच्या टॅक्स कायद्याने २०१८ पासून राज्याच्या करांची वजावट १० हजारांवर आणून ठेवली. घराचा प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा इन्कम टॅक्स यातच बऱ्याच लोकांचे ते दहा संपतात, त्यावर हा नवीन १० टक्के आला असता तर एका पैशाची वजावट मिळाली नसती. २०१६ ला मी दिलेला हिशेब पण त्यामुळे तुमच्या बाजूने आणखी वाईट झाला असता, ऑरोराकर. राज्याने एकट्याने काही करायचं ठरवलं तरी वॉशिंग्टनमध्ये कोण काय बदलेल त्यावर त्याचं काहीच चालत नाही.

बिलिंगवाली | ९ डिसेंबर २०२४

काका अजून तसेच आहेत 😄 मी पण तिथेच आहे, प्रायर ऑथ आता फोनऐवजी पोर्टलवर ताटकळत करतो एवढीच प्रगती. राज्याने २०२१ ला कोलोरॅडो ऑप्शनचा कायदा केला, २०२३ पासून ते प्लॅन मिळतात, इन्शुरन्स कंपन्यांनाच ठरावीक पद्धतीचा प्लॅन विकायला लावलाय. काहींना फायदा झाला. पण माझ्यासाठी पाच कंपन्यांच्या पाच नियमांमध्ये सहावा आला.

बर्लिंग्टनचा_बंड्या | १० डिसेंबर २०२४

ओरेगनचं बघताय ना? २०२२ ला मेझर १११ आलं, परवडणारी आरोग्यसेवा हा प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे असं घटनेत लिहा म्हणून. त्यात कराचा आकडा नव्हता, योजना नव्हती, फक्त हक्क. पास झालं, पण ५१ टक्केसुद्धा मिळाले नाहीत. म्हंजे फुकटात हक्क देताय का विचारलं तरी निम्मे लोक दचकले. आता २०२३ मध्ये त्यांनी एक बोर्ड नेमलंय सगळ्यांसाठीच्या योजनेचा आराखडा करायला, तो सप्टेंबर २०२६ पर्यंत विधानसभेपुढे यायचाय. त्यात पैसे कुठून ते लिहावंच लागेल.

ऑरोराकर | १० डिसेंबर २०२४

अरे वा, सगळे जिवंत आहात! थाळीवाले कुठे आहेत, त्यांची थाळी कितीला झाली ते कळू दे. आमच्याकडे नवऱ्याने १०९९ सोडून नोकरी धरली, कारण विचाराल तर इन्शुरन्स. परत बॅलटवर आलं तर हो देईन म्हणतो, पण टक्के किती ते आधी बघणार. ओरेगनचा आराखडा आला की कुणीतरी हा धागा वर काढा, हिशेबनीस काकांना आकडे चेक करायला लावू.

हिशेबनीस | १० डिसेंबर २०२४

लावा. फक्त टॅक्स सीझनमध्ये आणू नका.